चिंचेचं खोड आणि चौथाईचं गणित

आमच्या शाळेच्या मैदानातलं चिंचेचं झाड गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी पाडावं लागलं. त्यानंतर जवळजवळ तीन महिने पाचवीच्या वर्गात गणित, परिसर अभ्यास आणि मराठी हे तिन्ही विषय त्या झाडाभोवतीच फिरत होते. केंद्रातल्या दोन-तीन मैत्रिणी म्हणाल्या, लिहून काढ, म्हणून लिहिते आहे. पण हे नुसतं उपक्रमाचं टिपण नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, ज्याचे वडील झाडं तोडतात. खरं लिहायचं ते त्याच्याबद्दल.

आधी झाड. आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात आहे. पाऊस कमी, सावली त्याहून कमी. त्यात ही चिंच म्हणजे गावाची शान. खोडाचा घेर चौदा फूट. तीन मुलांनी हात धरून कवळा घातला तरी थोडं अंतर उरायचं. पण बुंध्याला एका बाजूने मोठी ढोली पडली होती, पावसाळ्यात तिथे ताटलीएवढी अळंबी उगवायची, आणि आदल्या मे महिन्यात वारा नसताना एक अख्खी फांदी स्वच्छतागृहाच्या पत्र्यावर आली. सुट्टी होती म्हणून निभावलं. मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पंचनामा, परवानगी, लिलाव अशी कागदांची रांग लागली. चिंच हे महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ च्या यादीतलं झाड आहे. आंबा, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, ऐन हेही त्याच यादीत. आपल्या बांधावरचं असलं तरी यातलं झाड विचारल्याशिवाय तोडता येत नाही. पालकांपैकी बऱ्याच जणांना हे माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गावकऱ्यांची एकच अट होती, २६ जानेवारीचं झेंडावंदन झाडाखाली होऊ द्या, मग पाडा. तसंच झालं.

आता त्या मुलाकडे येते. आपल्याकडे गोष्टीतला लाकूडतोड्या प्रामाणिक असतो, देवीने सोन्याची कुऱ्हाड दिली तरी घेत नाही. आणि निबंधातला लाकूडतोड्या राक्षस असतो. 'मी झाड बोलतोय' या विषयावर कुठल्याही शाळेतल्या तीस वह्या उघडा. झाड सावली देतं, फळं देतं, आणि शेवटच्या परिच्छेदात एक दुष्ट माणूस कुऱ्हाड घेऊन येतो. मी बदलीने या शाळेत आले त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वृक्षदिंडी होती आणि दिंडीपुढे करायचं नाटुकलं ठरलेलं होतं. मिशा लावलेला, कुऱ्हाड घेतलेला एक जण येतो, बाकीची मुलं झाडाला मिठी मारतात, तो रडतो आणि कुऱ्हाड फेकून देतो. मिशा कुणाला लावायच्या यावर मुलांचं एका क्षणात एकमत झालं. "बाई, ह्याला द्या. ह्याच्या घरी कुऱ्हाड हाय." मुलगा हसला, हो म्हणाला, आणि पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही.

नाटुकलं मी रद्द केलं. पण रद्द करून काय होतं? मुलांच्या तोंडी 'झाडतोड्या' हे नाव बसलं ते बसलंच. आणि तो वर्गात काही विचारलं की आधी इतरांकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. कधी द्यायचाच नाही.

लिलाव घेतलेल्या व्यापाऱ्याने झाड पाडायचं काम याच्याच वडिलांच्या टोळीला दिलं, हा निव्वळ योगायोग. त्या पंचक्रोशीत एवढं मोठं झाड उतरवणारी दुसरी टोळी नाही, एवढंच त्याचं कारण.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर काम सुरू झालं. मुलांना मैदानात मज्जाव होता, तरी देवळाच्या भिंतीमागे सगळी जमलीच. दादांनी (मी त्यांना दादाच म्हणते) आधी बुंध्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले. मग कुऱ्हाडीच्या माथ्याने खोडावर ठिकठिकाणी ठोकत वर गेले. भरीव लाकडाचा आवाज वेगळा आणि पोकळ लाकडाचा वेगळा. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकतात तसंच ते. जमिनीपासून तीन फूट पोकळ, त्याच्या वर भरीव, असं त्यांनी खडूने खोडावर आखून दिलं.

शनिवारचा अर्धा दिवस आणि रविवार दुपारपर्यंत फक्त फांद्या उतरवल्या. प्रत्येक मोठ्या फांदीला दोर, दोर वरच्या बेचक्यातून फिरवलेला, त्याचं दुसरं टोक खाली बुंध्याला दोन वेढे देऊन दोघांनी धरलेलं. फांदी कापली की ती पडत नव्हती, दोर सोडत सोडत खाली उतरत होती. कौलापासून चार हातांवर. एकही कौल फुटलं नाही.

खोड मैदानाच्या बाजूला पाडायचं होतं. त्या बाजूने आधी खाच घेतली, खोडाच्या पाव भागाइतकी खोल. मग मागच्या बाजूने, खाचेपेक्षा दोन बोटं वर, मशीनने कापत आले. पण आरपार नाही. मधे चार बोटं रुंदीची पट्टी न कापता ठेवली. ती पट्टी दाराच्या बिजागरीसारखं काम करते. झाड तिच्यावर झुकतं आणि ठरल्या दिशेलाच जातं. पट्टी तुटली तर झाड कुठेही फिरतं, आणि माणसं मरतात ती तिथेच. म्हणूनच दादांनी हा छेद ढोलीच्या वर, भरीव भागात घेतला. पोकळ भागात बिजागरीला लाकूडच नसतं. मशीनचं पातं तोकडं, खोड साडेचार फूट जाड. त्यामुळे गोल फिरून चारी बाजूंनी कापावं लागलं, आणि कापलेल्या फटीत मागून पाचरी ठोकत गेले, म्हणजे पातं अडकत नाही आणि झाडही मागे बसत नाही. 'पाचर मारणे' हा वाक्प्रचार मी दरवर्षी शिकवते. तो कुठून आला हे मुलांनी त्या दिवशी पाहिलं.

झाड पडलं तेव्हा देवळामागची मुलं ओरडली नाहीत. गप्प झाली. ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती, ती शनिवारीच उडून समोरच्या लिंबावर बसली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, आता ती कुठं राहणार?" लिंबाला ढोली नाही. मी तिला तेच सांगितलं.

सोमवारी शाळा भरली तेव्हा नऊ फुटांचं खोड मैदानात आडवं पडलेलं, आणि ते तीन आठवडे तिथेच पडून राहिलं. कारण ते कुणाला उचलताच येईना. जेसीबी आला, त्याने नुसतं लोटून कुंपणाकडेला नेलं. मला वाटलं होतं की एवढं जुनं, एवढं मोठं लाकूड म्हणजे व्यापाऱ्याची चांदी. झालं उलटंच. करवत गिरणीच्या पट्ट्याखाली एवढं जाड खोड बसत नाही. बसवायचं तर आधी जागेवरच उभं चिरून त्याचे दोन-चार भाग करायचे, त्याची मजुरी लाकडाच्या किमतीवर जाते. शिवाय चिंचेचा धागा पिळलेला, त्यामुळे फळ्या सरळ राहत नाहीत. सरळ धाग्याच्या सागाची गोष्टच निराळी. चंद्रपूरचा साग २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. चिंचेचं लाकूड खाटकाच्या ठोकळ्याला, तेलाच्या घाण्याला, मोगरीला उत्तम, पण त्यासाठी लागतं किती?

आणि सगळ्यात मोठी अडचण होती खिळ्यांची. "मॅडम, शाळंचं झाड गिरणीवाला दारात घेत न्हाई," दादा म्हणाले. शाळेच्या झाडाला घंटा टांगलेली असते, फलक ठोकलेले असतात, झोका, पताका, निवडणुकीच्या पाट्या. खिळा आत गेला, वरून साल भरून आली, की बाहेरून काही दिसत नाही. गिरणीचा फिरता पट्टा त्यावर आपटला की तुटतो, आणि जवळच्या माणसाचा जीवही घेऊ शकतो. त्यामुळे आमची चिंच जळण म्हणूनच गेली.

इथे मी दादांना विचारलं, वर्गात याल का? ते संकोचले. "मला लिवता येत न्हाई, मॅडम. मी काय शिकवणार?" मी म्हटलं, तुम्ही घनफूट कसं काढता तेवढं दाखवा. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, टोपी घालून आले. मुलगा दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलेला.

आम्ही सगळे मैदानात खोडाजवळ गेलो. दादांनी खोडाच्या बरोबर मध्यावर सुतळी गुंडाळली. एका टोकाला घेर जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, म्हणून मधला धरायचा. सुतळी सोडली, दुमडून दोन पदर केले, पुन्हा दुमडून चार पदर केले. "ही चौथाई. हिला हिनंच गुणायचं. मग लांबीनं गुणायचं. झालं घनफूट." चौदा फुटांची चौथाई साडेतीन. साडेतीन गुणिले साडेतीन, सव्वाबारा. त्याला नऊने गुणलं की ११०.२५ घनफूट. दादांनी तोंडी सांगितलं, "एकशे धा, वर थोडं." मुलं वहीत गुणाकार करत होती. सगळ्यात हुशार मुलीचं उत्तर यायला चार मिनिटं लागली, आणि ते तेच आलं. त्या मुलाने मान वर केली, ती मी पाहिली.

पण गणित इथे संपत नाही, खरं तर इथेच सुरू होतं. खोड गोल आहे आणि आपण त्याची चौथाई घेऊन चौरस केला. चौदा फूट सुतळीचा चौरस आणि चौदा फूट सुतळीचा गोल, दोन्हींत जागा सारखीच मावते का? मुलांनी ठामपणे "हो" सांगितलं. सुतळी तीच, मग जागा तीच. आम्ही चुन्याने दोन्ही आखले आणि आत पुठ्ठ्याचे एक-एक फुटाचे चौरस मांडले, कडेला कापून तुकडे बसवले. चौरसात सव्वाबारा मावले, गोलात साडेपंधरापेक्षा जरा जास्त. पाचवीला पाय माहीत नाही, गरजही पडली नाही. म्हणजे खोडात खरं लाकूड सुमारे १४० घनफूट आणि चौथाईने धरलं ११०. तीस घनफूट गेलं कुठे?

मुलांनी दादांकडे पाहिलं. दादा हसले. "गोल खोडाचं चौकोनी लाकूड काढलं की कडा जात्यात, साल जाती, भुसा जातो. त्ये धरत न्हाईत."

ही पद्धत जुनी आहे. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली अशा मापांची कोष्टकं छापली, आणि इंग्रजांबरोबर ती इथल्या वखारींत आली. शंभरातले साधारण साडेअठ्ठ्याहत्तर मोजायचे, बाकीचे चिरकामात वाया जाणार म्हणून सोडायचे. मला यात एक गोष्ट खटकते. कडेच्या फळ्या आणि ढलप्या काही हवेत विरत नाहीत, घेणारा त्याही नेतोच. त्यामुळे पालकांनो, बांधावरचं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड विकायचं झालं तर निदान एक सुतळी घेऊन चौथाई काढा. उक्ता सौदा, म्हणजे नुसतं झाडाकडे बघून आकडा सांगायचा, त्यात यापेक्षा कितीतरी जास्त जातं. पाचवीतलं पोरगं हे गणित करू शकतं.

वजनाचंही गणित झालं. एक घनफूट पाणी साधारण २८ किलो. ताजी चिंच पाण्याइतकीच जड धरली तर १४० गुणिले २८, म्हणजे जवळपास चार टन. जेसीबीने का नाही उचललं हे एका मुलाने फळ्याकडे बघूनच सांगितलं.

खोडाचे तीन-तीन फुटांचे तुकडे करून मग फोडायला घेतले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आपण लाकूड फोडताना मधोमध घाव घालतो. एवढ्या मोठ्या ओंडक्यावर मधे कितीही घण मारा, पाचर उडून बाहेर येते. दादा कडेकडेने ढलपे काढत गेले, कांद्याच्या पाकळ्या सोलाव्यात तसे, आणि गाभा शेवटी. गाभा काळपट जांभळा, इतका कठीण की मशीनच्या साखळीला दर तासाला धार लावावी लागायची.

मुलांनी वाढीची वर्तुळं मोजायचा प्रयत्न केला. पुस्तकात असतं ना, एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. चिंचेत ती स्पष्ट नसतात, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. सागाची मात्र स्पष्ट असतात, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सागाच्या वर्तुळांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. चिंचेचं वय आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांकडून काढायला गेलो, तिथेही प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं.

खिळे मात्र सापडले. एकूण सतरा. घंटेचा मोठा खिळा वीतभर आत गेला होता, भोवतीचं लाकूड निळंकाळं. लाकडातला तुरट रस आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो, हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी काळा रंग करायचे तो याच तत्त्वावर. गावातले एक आजोबा म्हणाले, ते चौथीत असताना हीच घंटा हात वर करून वाजवायचे. तेव्हा तोच मुलगा, लाकूडतोड्याचा, पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "बाई, झाड एवढं वाढलं, मग खिळा वर का नाही गेला?"

हा प्रश्न मोठ्यांना विचारून बघा. बरेच जण अडखळतात. झाड उंचीला वाढतं ते शेंड्याकडून. खोड फक्त जाडीला वाढतं, सालीच्या आतल्या पातळ जिवंत थरातून. म्हणून खिळा त्याच उंचीवर राहतो आणि वर्षागणिक आत आत जातो. यावर मी जो तास घेतला, तसा तास मला पाठ्यपुस्तकातून घेता आला नसता. प्रश्न त्याचा होता, हे मी फळ्यावर त्याच्या नावासकट लिहिलं.

लाकूड गेलं ते बहुतेक वीटभट्टीला, थोडं स्मशानाला. व्यापाऱ्याने दोन क्विंटल शाळेच्या चुलीला ठेवलं, गॅस संपला की लागतं. त्यातला एक तुकडा आम्ही पोषण आहाराच्या काट्यावर दर शनिवारी तोलला. पहिल्या शनिवारी २४०० ग्रॅम, पुढच्या शनिवारी २१८०, मग २०३०. एप्रिलअखेर १६५० वर येऊन थांबला. पाऊण किलो पाणी एका ढलप्यातून उडालं. आलेख वर्गाच्या भिंतीवर आहे. स्वयंपाकाच्या ताईंना मात्र काट्याची गरज नाही, दोन लाकडं एकमेकांवर आपटतात. टण वाजलं तर वाळलं, थप वाजलं तर धूर करणार.

वार्षिक परीक्षेत निबंधाला 'झाडाचे आत्मवृत्त' होतंच. बहुतेकांनी सावली, फळं आणि शेवटी दुष्ट माणूस असंच लिहिलं, चिंच डोळ्यांदेखत पडली तरी. पिंगळ्यांबद्दल विचारणाऱ्या मुलीने फक्त ढोलीवर लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. त्या मुलाचा निबंध अकरा ओळींचा होता. त्यात राक्षस नव्हता आणि देवमाणूसही नव्हता. घेर होता, चौथाई होती, वजन होतं. शेवटच्या ओळी अशा होत्या: "मला खाली आनायला दोन दिवस लागले. एकपन कौल फुटले नाही. माज्यात सतरा खिळे होते ते आता बाईंच्या खडूच्या डब्यात आहेत."

दहापैकी आठ दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.